भाकरी थापाया तुमी उटनार व्हता

वन्सं, तुमच्या हाताला माजा हात लागला आनि मला वाटलं तुमी आताच नळावरनं आला. एवडे गार. बाहीर ऊन फुटतंय, वरचा पत्रा तापून खोलीत बसवत न्हाय, आनि तुमचे हात रांजनात बुडवून काडल्यावानी. बोटांना ज्वारीचं पीठ वाळून बसलं व्हतं. फुडं परात, मळलेल्या पिठावर वल्लं फडकं. तुमी भिताडाला पाट लावून बसला व्हता, मान खांद्यावर, तोंड जरासं उगडं. मी म्हनलं, झोपला व्हय, वन्सं? आनि मला बरं वाटलं बगा. दोन दिस हगवनीनं तुमचा डोळ्याला डोळा न्हवता. म्हनलं झोपू दे. आनि पोरीला घिऊन मी परत उंबऱ्यात जाऊन बसले.

ती झोप न्हवती. दवाखान्यात डाक्तर म्हनले तवा कळलं. आता कळून काय करू मी, सांगा.

अजून तुमचं तेरावं व्हायचंय. चाळीत दुपारी शिकवाया येत्यात त्या बाई म्हनल्या, गोदा, हे लिवून काड, मी बायकांना वाचून दावीन. मी म्हनलं, बाई, माजं दुसरं बुक बी धड झालं न्हाय, मला सुद्द लिवाया येत न्हाय. त्या म्हनल्या, वन्सांशी जशी बोलत व्हतीस तशी लिव. म्हनून तुमाशीच बोलते. तुमी आस्ता तर म्हनला आस्ता, "आली लिवनारी! आन् चुलीवरचं दूद कोन बगनार, तुजा बा?" बगते, वन्सं. दूद हितं समोरच हाय. 

मी केम गावाकडनं लगीन हून आले तवा पहिल्या सकाळी गिरनीचा भोंगा झाला, आनि मी कुटं आग लागली म्हनून हांतरुनातनं उटून रस्त्यावर पळाले. तुमी मला दंडाला धरून आनलं आनि हसून हसून खाली बसला. सगळ्या चाळीला सांगितलंत. "आमच्या भावजयीनं भोंग्याची आग इझवली!" मला लई राग आल्ता. पन त्याच सांजच्याला तुमी तुमच्या लुगड्याच्या पदरातनं कापूस काडून माज्या कानात घातला, म्हनला, न्हायतर गिरनीत चार दिसात बहिरी हुशील. रिळाच्या खात्यात माजी जागा तुमीच लावली. सगुना झाली तवा मला धरून तुमीच बसला व्हता. मी तुमच्या मनगटाला चावले, तर म्हनला, "चाव, मेलं जुनं कातडं हाय." ती खून तुमच्या हातावर शेवटपत्तोर व्हती. दवाखान्यात डाक्तर नाडी बगाया लागले तवा त्यांचं बोट त्याच खुनंवर व्हतं.

तुमाला एक सवय व्हती. पोरीच्या तोंडात जायचं ते आदी तुमच्या जिबंवर जायचं. बाळगुटी उगाळली की आदी तुमी चाखनार. कडू लागलं की तोंड वाकडं करून सगुला म्हननार, "घे बाई, मी मेले न्हाय, तू बी मरत न्हाईस." ह्या बोलन्याला मी हसायची.

आता आपलं भांडान. त्ये मिटलंच न्हाय, तुमी मदीच उटून गेला.

माजी रजा सरली व्हती. कामावर ये, न्हायतर जागा दुसरीला जाती, असं मुकादमानं सांगितलं. घरात म्हातारं मानूस न्हाय, सासूबाई करमाळ्याकडं रानात. तुमी बी गिरनीत. चाळीच्या टोकाला भागाबाई म्हातारी गिरनीवाल्यांची पोरं संबाळती, पन ती म्हनली, रडकं पोर मी घेत न्हाय, गोळी दिऊन आना. आनि सगु तर तुमाला ठावं हाय, पोट दुखलं की सगळी चाळ जागी.

गोळी म्हंजी अफू. चाळीत कोन देत न्हाय ती बाई दावा. पन मी भागाबाईच्या खोलीत एकदा डोकावले व्हते, वन्सं. पोरं एका वळीनं पडलेली, डोळं अर्दं उगडं, माशी बसली तरी हात हालत न्हाय.  मी तुमाला म्हनलं, मी न्हाय देनार.

"का न्हाय देनार?"

"भ्या वाटतंय."

"दुसरं बुक शिकलीया न्हवं, भ्या वाटनारच. आमी अडानी, आमाला कसलं भ्या! मला लानपनी दिल्ती, तुज्या नवऱ्याला दिल्ती. मेला का त्यो? भाकरी मोजून बग त्याची, मेल्यागत खातोय का."

ह्ये तितंच बसले व्हते. खाली मान घालून हसले. तुमच्यापुढं तुमचे भाऊ कदी बोलले हाईत व्हय.

मग तुमी शेजारच्या नरसव्वाला हाळी दिली. ती पद्मशाल्याची, घरातच माग हाय, तिच्या पोरांना कुनी कदी रडताना ऐकलं न्हाय म्हनून तुमी तिला माप इचारलं. ती दारात आली, हाताला सूत गुंडाळलेलं. सगु त्या टायमाला माज्या खांद्यावर असली बोंबलत व्हती की कानाचं पडदं फाटावं. तुमी वरडून इचारलं, "नरसव्वा, पोरीला अफू केवडी द्याची गं?" ती तिच्या तेलंगी बोलीत बोलली. माज्या कानावर "गिंज" एवडंच आलं. तुमाला बी तेवडंच आलं असंल.

"गुंज म्हंती," तुमी म्हनला. "गुंजंएवडी."

नरसव्वानं मान हालवली. तिच्या भाषेत ती "अंते, अंते" म्हनली, म्हंजी तेवडंच, बास. आनि गेली मागाकडं.

आनि गुंज तर तुमच्यापाशी व्हती. दाजी गेले तवा तुमचं डोरलं सोनाराकडं न्ह्यालं, त्याच्या काट्यातली एक गुंज खाली पडली ती तुमी उचलली, आनि चंचीत सुपारीसंगं ठिवली. लाल, काळ्या डोळ्याची. मला एकदा दावली व्हती. म्हनला, "बग गं, हिच्यानं माजं सौभाग्य तोललं." तुमी हसत व्हता.   

रविवार व्हता, गिरनी बंद. दुकानातनं आनलेली अफू तुमी पाटावर ठिवली, काळी, चिकाट. बाजूला गुंज ठिवून तेवडीच गोळी वळली. सगुची. आनि ती झाकनीवर ठिवली. मी पोरीला छातीशी धरून पार कोपऱ्यात गेले. म्हनलं, वन्सं, माज्या गळ्याची आन, नगा.

तुमी चिडला न्हाईत. तेच मला आता खातंय. चिडला आस्ता तर मी रडले आस्ते, तुमी शिव्या दिल्या आस्त्या, दिस गेला आस्ता. तुमी माज्याकडं बगून म्हनला, "हितं बस. बस तर. मी कदी हिच्या तोंडात काय घातलंय का, माज्या तोंडात घातल्याबिगर?"

"न्हाय."

"मग मी खाते आदी. माजी हगवन बी बांदंल, अफूनं बांदतंय. पोरीला गुंजभर तर माज्यासारक्या म्हशीला चार-पाच तरी पायजेत." आनि तुमी पाच गोळ्या वळल्या बी. एक एक गोळी जिबंवर ठिवून पानी प्यालात. मी बगत बसले. तुमच्या हातातनं हिसकावून घ्यावं असं मला वाटलंच न्हाय, वन्सं. तुमी मोट्या मानूस. तुमाला काय हुतंय.

मग म्हनला, "आता आईक. मी पीठ मळते. जरा पाट टेकते, दोन दिस हगून हगून कंबर मोडलीया. आनि मग उटून दुपारच्या भाकरी मीच थापते. मी उटून भाकरी थापली म्हंजी तर देशील?"

मी म्हनलं, "देईन."

"बोल सगुच्या डोस्क्यावर हात ठिवून."

मी ठिवला. देईन म्हनलं.

पीठ मळताना तुमी नाक खाजवत व्हता, गाल खाजवत व्हता, पीठ तोंडाला लागलं तर मी हसले, तुमी बी हसला. लई गोड बोलत व्हता. शबुद जरा ओडून ओडून. म्हनला, "गोदे, सगुला शाळंत घाल हां. तिसरं बुक होऊ दे. तुज्या एक बुक फुडं." मग म्हनला, कसं हालकं वाटतंय. तुमच्या तोंडनं मी कदी ऐकलं न्हवतं ते. मला वाटलं, बरं झालं, आराम पडला.

मी उंबऱ्यातनं परत आत आले तवा सगु हातात झोपली व्हती. खोलीत घोरन्याचा आवाज व्हता. एक मोटं घोरनं, मग काय न्हाय. काय न्हाय. मी उबी राहिले, वाट बगत. मग दुसरं घोरनं. मदी एवडा येळ गेला की मीच दम धरून उबी व्हते. तुमच्या कपाळावर घामाचं थेंब, आनि कपाळ गार. घाम आलेलं मानूस गार कसं, वन्सं? मी तुमचा हात धरला. नखं जांबळी. जांबळं खाल्ल्यावानी. मी वरडले. कशी वरडले ठावं न्हाय, सगु जागी झाली नि ती बी वरडाया लागली, आनि नरसव्वा पळत आली.

तिनं बगितल्याबरुबर वळखलं. तुमच्या तोंडाचा वास घितला, मला म्हनली, "एंत? केवडी खाल्ली?" मी पाटावरची गुंज दावली, पाच बोटं दावली. बाई पांडरी पडली.

"गुंज कादु!" ती तोंडावर हात मारून घिऊ लागली. "गुंज नाही अम्मा! गिंज! आव गिंज!" मला कळंना. ती पळत घरी गेली, मूट आवळून आली, माज्या फुडं तळहात उगडला. तळहातावर मव्हरी. एक दाना तिनं बोटानं बाजूला सारला. "आव गिंज," म्हनली. आनि रडाया लागली.

तिच्या बोलीत गिंज म्हंजी बी. मव्हरीचं बी.

मग तिनं तुमची पापनी वर केली. मदलं काळं बगितलं मी. त्ये बी मव्हरीएवडंच झालं व्हतं.

तुमाला आमी उटवलं, चालवलं, दोगींनी दोन खांदं धरून. पाय फरपटत व्हतं. नरसव्वानं तुमाला थोबाडीत मारल्या, मला म्हनली तू बी मार. मी तुमाला मारलं, वन्सं. ते बी सांगायचं राहिलं व्हतं. ह्ये टांगा घिऊन आले. टांग्यात तुमचं डोस्कं माज्या मांडीवर, एका हातात सगु. रस्त्याभर मी तुमचे तळवे घासत व्हते, चोळून चोळून माजं हात लाल झालं, तुमचं न्हाय.

डाक्तरांनी मनगट धरलं. सोडलं. कोपरापाशी बगितलं. मग मानंला बोट लावून उबं राहिले. ह्यांनी इचारलं, नाडी हाय न्हवं? डाक्तर म्हनले, "मानेला आहे, हाताला नाही. जुलाब कधीपासून?" आमी सांगितलं. त्यांनी तुमच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ते तसंच उबं राहिलं. मग ते म्हनले, "अंगातलं पाणी आधीच गेलं होतं हिचं. त्यावर एवढी अफू. अफू नुसती झोपवत नाही. श्वास मंदावतो, नसा सैल पडतात, रक्ताचा जोरच उतरतो. हृदय ढकलतंय, पण हातापायांपर्यंत पोचत नाही."

मी म्हनलं, "डाक्तर, त्या झोपल्यात न्हवं? जाग्या हुतील न्हवं?"

"ही झोप नाही, बाई. झोपेसारखी दिसते."

मला तवा आपल्या चाळीचा नळ आटवला. पानी सुटलेलं असतं, पन जोर न्हाय. मग खालच्या नळाला बोटाएवडी धार येती आनि वरच्या माळ्यावरच्या बायका कळशी घिऊन नुसत्या बसत्यात. तसं तुमचं रगत. आत कुटंतरी व्हतं, पन तुमच्या बोटांना येत न्हवतं, पीठ लागलेल्या बोटांना. त्यांनी सुई टोचली, शिरंतनं पानी घातलं, गरम पान्याच्या बाटल्या ठिवल्या. कडक कापी नळीनं पोटात घातली. दिवं लागायच्या टायमाला मानंची नाडी बी गेली.

सगु तवा माज्या पदराखाली पीत व्हती. तिला काय ठावं.

आनि मला एक इचार येतो, वन्सं. तुमाला म्हशीला जे झालं ते गुंजभर गोळीनं माज्या वीतभर पोरीला हुनार व्हतं. त्याच दुपारी. गोळी झाकनीवर तयार व्हती. मी हूं म्हनलं आस्तं तर आज तुमी बसून लिवत आस्ता, तुमाला लिवाया येत न्हाय तरी. तुमची चाखायची सवय आडवी आली. तुमी माजी पोर वाचवली आनि मी तुमचे आबार मानू तर कसे मानू, "बरं झालं तुमी खाल्ली" असं म्हनू? म्हनत न्हाय. पन रोज पोरीला बगितलं की मनात येतं. माफ करा.

चाळीत काय चाललंय ते ऐका. नळावर बायका म्हनत्यात, तेलंगिनीनं घात केला. नरसव्वा नळावर आली की कळश्या बाजूला सारत्यात. ह्ये बी म्हनले, तिच्या घरचं पानी पिऊ नगंस. मी पैल्यांदा तुमच्या भावाला उलटून बोलले. म्हनलं, तिनं इख दिलं न्हाय, तिनं माप सांगितलं, आपल्या कानानं दुसरं ऐकलं. सगु रडत व्हती म्हनून ऐकू आलं न्हाय, मग सगुवर बी आळ घ्या! 

आनि भागाबाई काय म्हनली ठावं हाय? दुखवट्याला आली, डोळं पुसले, आनि जाताना माज्या कानाशी म्हनली, "आता खरं माप कळलं न्हवं? मव्हरीएवडी द्याची. दिऊन आन सोमवारी."  मुकादमाचा बी निरोप आलाय, सोमवारचा. ह्यांच्या एकट्याच्या मजुरीवर खोली राहत न्हाय, ते तुमालाच जास्त ठावं. तवा मला वाटलं, मव्हरीएवडी. नरसव्वा देतीच की. डाक्तरांनी एवड्या बारीक पोराला एक कन बी नगं म्हनून सांगितलं व्हतं, पन डाक्तर काय पोर संबाळाया येनार हाईत? खोटं कशाला सांगू, मनात आलं माज्या.

म्हनून मी नरसव्वाकडं गेले. दुपारी, सगळ्यांच्या देखत, सगुला घिऊन. ती मागावर बसली व्हती, मला बगून उबी राहिली, भ्याली. मी म्हनलं, तुमी तुमच्या पोरांना खरंच मव्हरीएवडी दिली? ती व्हय म्हनली. मग काय झालं न्हाय न्हवं? तिनं दोन पोरांकडं बोट केलं, रीळ भरत बसली व्हती ती. मग तिसरं बोट वर केलं आनि मुडपलं.

"लेवलेदु," म्हनली.

"म्हंजी?"

तिनं तळहात उताना ठिवला, पोर निजल्यावानी. दुसऱ्या हातानं त्याला हालवलं. परत हालवलं. "उटलं नाही," म्हनली. "आव गिंजच दिली. जास्त नाही दिली. अंग गार."

"मग आमाला माप कशाला सांगितलं, बाई?"

 तिचं डोळं कोरडं. "अक्का माप विचारली. मी माप सांगितली. दुसरं कोण विचारते?"

वन्सं, आपन शेजारी ऱ्हात व्हतो. तिची पोरं रडत न्हाईत म्हनून आपन तिला हुशार म्हनत व्हतो. तिसरं कुटं गेलं हे आपन कदी इचारलं न्हाय. दोन पोरांना ती आता काय बी देत न्हाय, ती रडत न्हाईत कारन ती मोटी झाली.

मग तिनंच सगुला माज्या काखंतनं घितलं. म्हनली, हितं ठेव, मागापाशी, रडली तर रडंल, माझं काम थांबणार नाही. सगुनं तिच्या खांद्यावर भोंगा लावला, मागाची खटखट बी ऐकू येईना. नरसव्वा तिच्या पाटीवर थापटत व्हती आनि हसत व्हती. किती दिसांनी हसली कुनास ठावं.

घरी यिऊन ह्यांना सांगितलं. सगु नरसव्वाकडं ऱ्हाईल, गोळीबिगर. चाळ काय म्हनायचं ते म्हनू दे.   ह्ये उटले आनि आडव्या वाशाला बांदलेली सगुच्या झोळीची दोरी सोडली, गुंडाळली, आनि शेजारी नेऊन तिच्या मागापाशी बांदून आले.

सगुची गोळी झाकनीवर तशीच व्हती, वाळलेली. मी ती चुलीत टाकली. तुमची गुंज मातूर ठिवलीया, पदराच्या गाटीत, पोरीच्या हाताला लागत न्हाय अशी. तुमी मळलेलं पीठ त्या रातीच आंबलं, शेजारनीनी काडून टाकलं. परात अजून मी घासली न्हाय. भाकरी दुसऱ्या परातीत थापते.

उद्या सोमवार. भोंगा झाला की मी कानात कापूस घालून जानार हाय. मला लई भ्या वाटतंय, वन्सं. वाटंत एकदा तरी मागं वळून बगीन, तुमी शिव्या दिल्या तरी.

मी सगुच्या डोस्क्यावर हात ठिवून बोलले व्हते, तुमी उटून भाकरी थापली की देईन. शबुद शबुद असतो. तुमी उटला न्हाईत. म्हनून मी देनार न्हाय.